परदेशी निघणारी खाजगी यॉट : सुरक्षा प्रमाणपत्र नक्की कोण मागतं?

शीडवारा

"स्वतःच्या यॉटने दुसऱ्या देशात जायचं तर सुरक्षेचं कोणतं प्रमाणपत्र लागतं?" हा प्रश्न विचारणाऱ्याला बहुधा एका ओळीत उत्तर हवं असतं. ते देता येत नाही. नौकेवर कोणत्या देशाचा ध्वज आहे, ती कोणत्या बंदरातून सुटते आहे आणि तिच्यावर कोणी पैसे भरून आलं आहे का, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कोणता कायदा लागू होतो हेच ठरत नाही. म्हणून हा धागा. माझं यावर ठाम मत आहे, तेही खाली लिहिलं आहे. पटलं नाही तर जरूर सांगा.

आधी आंतरराष्ट्रीय करार. समुद्रावरच्या सुरक्षेचा मुख्य करार म्हणजे सोलास, १९७४. जहाजाची बांधणी, जीवरक्षक साधनं, आग विझवण्याची सोय, रेडिओ, या सगळ्यांची प्रमाणपत्रं त्याच्यातून येतात. पण व्यापारात नसलेल्या खाजगी यॉटना या प्रमाणपत्रांतून वगळलं आहे. जहाज किती भरावं याच्या १९६६ च्या लोड लाइन करारातही तीच सूट आहे आणि खलाशांच्या प्रशिक्षणाच्या एसटीसीडब्ल्यू करारातही.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. सोलासचं पाचवं प्रकरण, म्हणजे नौकानयनाच्या सुरक्षेचं, ते लहानमोठ्या सगळ्या जहाजांना धरतं. जुलै २००२ पासून त्याचं सुधारित रूप लागू आहे. प्रवासाचं आधी नियोजन करणं, वाटेत धोका दिसला तर इतरांना कळवणं, संकटात सापडलेल्याच्या मदतीला जाणं ही बंधनं नऊ मीटरच्या शिडाच्या होडीवरही आहेत. टक्कर टाळण्याचे १९७२ चे नियमही सगळ्यांना लागू. पण हे पाळलंत म्हणून कोणी कागद देत नाही. काही विपरीत घडलं की मगच चौकशीत विचारतात, नियोजन केलं होतं का आणि कसं.

उरलेलं सगळं ध्वजराष्ट्रावर, म्हणजे नौका ज्या देशाचा ध्वज लावते त्याच्यावर, सोडलेलं आहे, आणि तिथे कमालीची तफावत आहे. ब्रिटनमध्ये १३.७ मीटरपेक्षा लहान खाजगी यॉटवर जीवरक्षक साधनांची सक्तीची यादी नाही. त्या लांबीपासून पुढे मात्र लाइफ राफ्ट, अग्निशामक वगैरेंचे नियम लागतात. फ्रान्समध्ये किनाऱ्यापासून किती दूर जाणार त्यावर यादी ठरते, आणि ६० सागरी मैलांपलीकडे जायचं तर ती सर्वांत कडक होते. स्पेनने समुद्राचे सात विभाग पाडले आहेत, त्यातला पहिला अमर्याद. अमेरिकेत खाजगी नौकेला साधी किमान साधनं पुरतात. तिथला कोस्ट गार्ड उघडउघड धोकादायक वाटणारा प्रवास थांबवू शकतो, पण सुटण्याआधी सक्तीची तपासणी नाही.

न्यूझीलंडचं प्रकरण वेगळं आहे. त्यांच्या १९९४ च्या मेरिटाइम ट्रान्सपोर्ट अॅक्टच्या कलम २१ प्रमाणे, नौका आणि तिच्यावरची साधनं ठरलेल्या प्रवासाला पुरेशी आहेत आणि चमू पुरेसा आहे, याबद्दल तिथल्या सागरी संचालकाचं समाधान झाल्याशिवाय खाजगी नौकेला देशाबाहेर सुटता येत नाही. प्रत्यक्षात यॉटिंग न्यूझीलंडचा तपासनीस येऊन नौका बघतो. बोलीभाषेत याला 'कॅट वन' म्हणतात, म्हणजे शर्यतींच्या नियमांतली पहिली श्रेणी: किनाऱ्यापासून खूप दूर, मदत पोचेपर्यंत स्वतःच्या हिमतीवर तगून राहावं लागेल असा प्रवास.

हे नियम त्या देशातच का रुजले ते नकाशा बघितला की कळतं. त्यांच्या जबाबदारीचं शोध आणि बचावाचं क्षेत्र सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आहे, जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. जून १९९४ मध्ये न्यूझीलंड आणि टोंगा यांच्या दरम्यान यॉटच्या एका ताफ्याला वादळाने गाठलं. २१ जणांना वाचवलं गेलं. 'क्वार्टरमास्टर' या नौकेवरचे तिघे गेले. विमानं, नौदलाचं जहाज, वाटेतली व्यापारी जहाजं असे सगळे त्या बचावात होते. कोणाच्याही खाजगी प्रवासाचं ओझं शेवटी असं दुसऱ्यांच्या जिवावर येतं.

आता माझं मत. सुटण्याच्या आधी एका अनुभवी तिऱ्हाइताने नौका आणि चमू दोन्ही पाहणं प्रत्येक देशाने सक्तीचं करावं. वर्षभर चालणारा कागद मला नको आहे. ही नौका, ही माणसं, या ऋतूत, या वाटेने, असं धरून केलेली तपासणी हवी. मालकाची नजर आपल्या नौकेला सरावलेली असते. रोज दिसणारा सैल बोल्ट त्याला दिसेनासा होतो.

जुना_बोसन

उत्तम धागा. मी व्यापारी जहाजांवर उभी हयात काढली, तेव्हा थोडी तुलना करतो.

आमच्याकडे जहाज कोणत्याही बंदरात लागलं की पोर्ट स्टेट कंट्रोलवाले, म्हणजे त्या बंदराच्या देशाचे तपासनीस, चढू शकतात. लाइफबोट खाली सोडून दाखवा, फायर पंप चालू करा, आपत्कालीन जनरेटर सुरू करा. काही गंभीर सापडलं तर जहाज अडकवून ठेवतात आणि कंपनीचं नाव खराब होतं. या भीतीनेच अर्धी कामं वेळेवर होतात हे मी अनुभवाने सांगतो. बंदरातल्या तपासणीच्या युरोपातल्या पॅरिस करारात मात्र व्यापारात नसलेल्या खाजगी यॉट या तपासणीतून सरळ वगळल्या आहेत. म्हणजे त्याच धक्क्याला लागलेल्या मालवाहू जहाजाची कसून झडती आणि शेजारच्या बारा मीटरच्या यॉटला पासपोर्ट आणि कस्टमचे दोन प्रश्न. समुद्र तर दोघांना एकच.

बचावाला जाणारेही आम्हीच. भर वादळात मालवाहू जहाज वळवून यॉटच्या शेजारी आणणं काय असतं हे केल्याशिवाय समजणार नाही. आमच्या डेकची उंची, खालची ती एवढीशी होडी, दोन्ही वेगळ्या तालावर हलतायत, आणि शिडीला लटकलेला माणूस मध्ये. यॉटची डोलकाठी आमच्या जहाजाच्या अंगावर आपटून मोडते. आम्ही जातो, जायलाच हवं, त्याबद्दल तक्रार नाही. पण निघण्याआधी त्यांनी पंप आणि रिगिंग, म्हणजे डोलकाठी-शिडांच्या तारा आणि दोर, धड आहे ना एवढं बघून घ्यावं ही अपेक्षा रास्त आहे. सक्तीला माझा पूर्ण पाठिंबा.

मुक्तछंद

माझा सक्तीला विरोध आहे, आणि तो आळसापोटी नाही.

समुद्र ही माणसाला अजून मोकळ्या मिळणाऱ्या फार थोड्या जागांपैकी एक आहे. जॉशुआ स्लोकम १८९५ ते १८९८ या काळात 'स्प्रे'मधून एकटा पृथ्वीप्रदक्षिणा करून आला. रेडिओ नाही, राफ्ट नाही, तपासनीस तर नाहीच. तुम्ही म्हणता तशी सक्ती तेव्हा असती तर त्याला बंदराबाहेर पडू दिलं नसतं.

दुसरं, कागद हातात आला की माणूस निर्धास्त होतो. यादीतल्या वस्तू विकत आणल्या, खुणा केल्या, झालं. राफ्ट उलटा पडला तर सरळ कसा करायचा हे माहीत नसलेले लोक महागडा राफ्ट घेऊन निघतात. यादीचा खर्चही कमी नसतो; जो पैसा नव्या शिडात किंवा आणखी एका सरावाच्या सफरीत गेला असता तो खोक्यात बंद वस्तूंवर जातो. ज्याची त्याने जबाबदारी घ्यावी, आणि जबाबदारी घ्यायला शिकवावं. तपासनीस माझ्याबरोबर समुद्रात येणार नसतो.

गलबत

मुक्तछंद, स्लोकमचं पुढचंही लिहायला हवं होतं. तोच माणूस, तीच 'स्प्रे', नंतर एकदा निघाला तो परत आलाच नाही. काय झालं ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही.

शीडवारा

मुक्तछंद, तुमचा दुसरा मुद्दा मला अर्धा मान्य आहे, म्हणून नीट उत्तर देतो.

ऑगस्ट १९७९ ची फास्टनेट शर्यत घ्या. ३०३ नौका सुटल्या, वादळात १५ स्पर्धक गेले. २४ नौका चमूने सोडून दिल्या, पण त्यातल्या बुडाल्या फक्त ५. उरलेल्या नंतर तरंगत सापडल्या. राफ्टमध्ये उतरलेल्या काहींचा जीव राफ्टनेच घेतला, कारण ते राफ्ट उलटले किंवा फाटले. साधन होतं, पण ते कधी वापरायचं नाही हे ठाऊक नव्हतं. यावरून शिकूनच नियमांत पुढे बदल झाले. १९९८ च्या सिडनी–होबार्ट शर्यतीतही तसंच: ११५ नौका, ६ जण गेले, ५ नौका बुडाल्या, ५५ जणांना उचलावं लागलं. त्यानंतर वस्तूंच्या यादीइतकंच महत्त्व माणसांच्या प्रशिक्षणाला आलं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत चमूतल्या ठरावीक लोकांनी सागरी जीवरक्षणाचा वर्ग केलेला असावा लागतो. त्या वर्गात लाइफ जॅकेट घालून पाण्यात उडी मारायची, उलटा राफ्ट सरळ करायचा, ओल्या कपड्यांत त्यात चढायचं आणि दुसऱ्याला वर ओढायचं असतं. तुम्ही म्हणता ते शिकवणं हेच, आणि ते नियमाच्या रेट्यामुळेच सर्वदूर पोचलं.

निर्धास्तपणाबद्दल 'चीकी रफीकी'चं उदाहरण जास्त बोलकं आहे. मे २०१४ मध्ये कॅरिबियनमधून ब्रिटनला परत जाताना अटलांटिकच्या मध्यात या बारा मीटरच्या यॉटची कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंखा, तुटली आणि चौघे जण गेले. अमेरिकी नौदलाला नंतर तिचा उलटा सांगाडा सापडला, आणि राफ्ट त्याच्या जागीच बांधलेला होता. काढायला वेळच मिळाला नसावा. ब्रिटिश चौकशीत पुढे आलेली गोष्ट अशी की आधी नौका तळाला घासली होती, दुरुस्त्या झाल्या होत्या, आणि त्यातून कील आणि सांगाडा यांच्यातली पकड कमकुवत झाली असू शकते, जी वरवर पाहून दिसत नाही. ती सफर व्यावसायिक की खाजगी, हा वाद कोर्टापर्यंत गेला. कारण व्यावसायिक ठरली तर तपासणीचे नियम लागणार, खाजगी ठरली तर जवळजवळ काहीच नाही.

माझ्या डोक्यात हेच सलतं. कीलच्या बोल्टला वरचा माणूस भाड्याने आलाय की दोस्तीखात्यात, हे कळत नाही.

तपासनीस बरोबर येणार नाही हे खरं. पण "ही नौका शेवटची कधी घासली?" हा प्रश्न निघण्याआधी कोणीतरी मोठ्याने विचारायला हवा. मालक स्वतःला तो विचारत नाही.

कलम_नऊ

कायद्याच्या बाजूने थोडी भर.

न्यूझीलंडचं कलम २१ आधी परदेशी ध्वजाच्या नौकांनाही लावत असत. माल्टाच्या ध्वजाची एक यॉट १९९६ मध्ये सागरी संचालकाला हवा असलेला रेडिओ आणि ईपर्ब (संकटात उपग्रहांमार्फत संकेत देणारं यंत्र) न घेताच सुटली. खटला झाला, मालक दोषी ठरला, आणि अपील करत करत प्रकरण कोर्ट ऑफ अपीलपर्यंत पोचलं. १९९८ मध्ये त्या कोर्टाने दोषसिद्धी रद्द केली. तर्क असा की खुल्या समुद्रावर नौकेची बांधणी, साधनं, माणसं यांचे नियम ठरवणं हे ध्वजराष्ट्राचं काम. बंदराच्या देशाने सगळ्यांना मान्य अशा आंतरराष्ट्रीय नियमांपलीकडे जाऊन आपल्या मनाच्या अटी परदेशी नौकेवर लादायच्या नाहीत. १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारातही हाच धागा आहे. कलम ९४ मध्ये ध्वजराष्ट्राची कर्तव्यं आहेत. किनाऱ्याजवळच्या प्रादेशिक समुद्रासाठीही त्याच कराराचं कलम २१ असंच बजावतं.

तेव्हापासून तिथली तपासणी व्यवहारात स्वतःच्या ध्वजाच्या नौकांपुरतीच उरली. परिणाम काय होतो ते उघड आहे. एकाच धक्क्यावर दोन सारख्या यॉट, एकीला कॅट वन लागतं, दुसरीला नाही. आणि ज्याला ते टाळायचं आहे तो ध्वज बदलायची वाट शोधतो. शीडवारा, तुमची "प्रत्येक देशाने सक्ती करावी" ही सूचना इथे अडते. एकेका देशाने करून भागणार नाही, सोलासमध्येच बदल हवा, आणि तिथे खाजगी नौकांसाठी भांडायला कोणाला वेळ आहे?

दुसरी एक गोष्ट. न्यूझीलंडचं ते कलम सुटण्याबद्दल आहे. तिथून फिजीला गेलात, काही महिने तिकडे फिरलात आणि परत निघालात, तर परतीच्या वाटेवर ते लागू नाही. तोवर राफ्टची मुदत संपलेली असू शकते, चमू बदललेला असतो.

शीडवारा

कलम_नऊ, सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. 'नीना' या अमेरिकी स्कूनरचं, म्हणजे शिडाच्या नौकेचं, प्रकरण मला याच संदर्भात अस्वस्थ करतं. १९२८ ची बांधणी, मे २०१३ च्या अखेरीस ती न्यूझीलंडमधल्या ओपुआहून ऑस्ट्रेलियाला निघाली, वर ७ जण. जूनच्या सुरुवातीला वादळात शेवटचा संपर्क, नंतर काहीच नाही. परदेशी ध्वज, त्यामुळे कॅट वनची गरज नव्हती. ईपर्ब होता, पण त्याचा संकेत कधी आलाच नाही. तपासणी झाली असती तर ती वाचली असती, असा दावा करणं अन्यायाचं होईल. पण पाण्याखाली गेल्यावर आपोआप सुटणाऱ्या ईपर्बचा विषय तपासनिसाने नक्की काढला असता.

सोलास बदलणं कठीण आहे हे मान्य. म्हणून ध्वजराष्ट्रांकडूनच सुरुवात व्हायला हवी असं मला वाटतं. सक्ती नसेल तिथेही वाट आहे. कॅनरी बेटांवरच्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला दरवर्षी जाणारी एआरसी रॅली १९८६ पासून चालू आहे, सुमारे २७०० सागरी मैलांची. तिच्यात भाग घ्यायचा तर आयोजकांची साधनांची यादी पाळावी लागते आणि सुटण्याआधी नौकेची तपासणी होते. लोक स्वखुशीने, पैसे भरून ही तपासणी करून घेतात. मुक्तछंद, यात कोणाचं स्वातंत्र्य गेलं?

मुक्तछंद

रॅलीत जाणं न जाणं माझ्या हातात असतं, फरक तोच. पण कील घासल्याचा मुद्दा पटला. तेवढी तपासणी मी स्वतः पैसे देऊन करून घेईन.

अनुजा_र

एक वेगळा प्रश्न. मी ओळखीच्या एका दांपत्याच्या यॉटवर चमू म्हणून दहा-बारा दिवसांच्या सफरीला जाणार आहे. माझा अनुभव बेताचा. ते म्हणतात, "आमची नौका कॅटेगरी ए आहे, काळजी करू नकोस." याचा अर्थ काय? आणि मी पाहुणी, म्हणजे तपासनिसासारखे प्रश्न विचारणं बरं दिसेल का?

शीडवारा

अनुजाताई, नक्की विचारा. चांगल्या कप्तानाला प्रश्न आवडतात. ज्याला राग येतो त्याच्याबरोबर समुद्रात जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

कॅटेगरी ए ही युरोपच्या नियमांतली रचनेची श्रेणी आहे, अडीच ते चोवीस मीटरच्या नौकांसाठी. ए म्हणजे वाऱ्याचा जोर मोजणाऱ्या बोफर्ट मापावर ८ च्या वरचा वारा आणि ४ मीटरच्या वरच्या लाटा यांचा विचार करून केलेली रचना. बी ८ पर्यंतचा वारा आणि ४ मीटरपर्यंतच्या लाटा, सी साठी ६ आणि २ मीटर. ही श्रेणी नौका बाजारात आली तेव्हाची. आज तिचं रिगिंग कसं आहे, राफ्टची सर्व्हिस झाली का, याबद्दल ती काहीही सांगत नाही.

तुम्ही काय बघाल? कागदांपेक्षा आधी नौकेत फिरा. बुडाला भोक पाडून बसवलेल्या प्रत्येक झडपेपाशी जा, सी-कॉक म्हणतात त्यांना. हाताने फिरतात का बघा, आणि प्रत्येकाशेजारी त्या मापाचा लाकडी गुटका दोरीने बांधलेला आहे का बघा. पाइप निसटला तर तोच ठोकून भोक बुजवायचं असतं. मग बिल्ज पंप, म्हणजे नौकेच्या तळात साचलेलं पाणी उपसायचे. हाताने चालणारे दोन हवेत, एक डेकवरून आणि एक खालून चालणारा, म्हणजे झाकण बंद करूनही पाणी उपसता येईल. दांडा जागेवर आहे का? दांडा नसलेला पंप मी कितीतरी नौकांवर पाहिला आहे.

मग डोळ्यांसमोर नौका उलटी करून बघा. खरोखर. बॅटऱ्या पट्ट्याने बांधलेल्या आहेत का, शेगडी निखळेल का, फळ्यांखालचे डबे आणि अवजारं उडून डोक्यात बसतील का. आत उतरायच्या दाराच्या फळ्या आतून आणि बाहेरून दोन्हीकडून अडकवता येतात का. वादळात उलटलेल्या नौकांमध्ये त्या फळ्या वाहून गेल्या आणि आत पाणी शिरलं, असं पुन्हा पुन्हा घडलं आहे. गॅसचा सिलिंडर वेगळ्या कप्प्यात हवा आणि त्या कप्प्याच्या तळातून वायू थेट बाहेर समुद्रात जायला वाट हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, आत गळला तर बिल्जमध्ये साचून राहतो.

जॅकेट तुमच्या मापाचं आणि तुमचं एकटीचं हवं, मांड्यांमधून जाणाऱ्या पट्ट्यासकट. पट्टा नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि तोंड खाली जातं. जॅकेट फुगवणारी गॅसची छोटी नळी घट्ट पिळलेली आहे का ते स्वतः पिळून बघा. डेकवर पुढून मागे ताणलेली सुरक्षेची दोरी, म्हणजे जॅकलाइन, आणि तुमचा टेदर, म्हणजे तुम्हाला तिच्याशी बांधणारा पट्टा, तिला कॉकपिटमध्ये यायच्या आधीच, जिन्यातूनच, अडकवता येतो का?

शेवटी माणसं. कप्तान आजारी पडला तर नौका कोण चालवणार? हा प्रश्न त्या दोघांना एकत्र बसवून विचारा. पाण्यात पडलेल्या माणसाला परत वर घ्यायचा सराव सुटण्याआधी एकदा तरी करा, त्यातही कप्तान पाण्यात पडला असं धरून.

जुना_बोसन

शेवटचा मुद्दा सोन्यासारखा. दोनच माणसं आणि त्यातलं शिकलेलं माणूस पडलं, असं फार घडतं.

अनुजाताई, राफ्टच्या डब्यावर सर्व्हिसची तारीख असते, ती वाचा. त्याला आपोआप सोडणारा हायड्रोस्टॅटिक रिलीज असेल तर त्याचीही मुदत दोन वर्षांची असते आणि त्यावर महिना-वर्ष खूण केलेली दिसते. फ्लेअरवरही, म्हणजे संकटात पेटवायच्या ज्योतींवरही, तारीख असते. या तीन तारखा बघायला पाच मिनिटं लागतात.

सागरमैल

परदेशी बंदरांत प्रत्यक्ष काय मागतात ते सांगतो. नौकेच्या नोंदणीचा मूळ कागद, चमूची यादी, पासपोर्ट, मागच्या बंदराचा सुटण्याचा दाखला, विम्याचा कागद. रेडिओचा परवाना आणि वापरणाऱ्याचं प्रमाणपत्रही मागू शकतात, कारण जहाजावरच्या रेडिओसाठी परवाना हवा हा नियम खरोखर आंतरराष्ट्रीय आहे. युरोपात ठिकठिकाणी कप्तानाचं आयसीसी प्रमाणपत्र विचारतात, ते माणसाच्या कौशल्याचं, नौकेचं नाही. नौकेच्या सुरक्षेचा वेगळा कागद माझ्याकडे कोणी मागितलेला नाही. विमा कंपनीने मात्र मागितला. सर्व्हे, रिगिंगचं वय, चमूचा अनुभव, सगळं लेखी. खरी सक्ती आज तिथून येते.

पाहुण्यांकडून खर्चाचा वाटा घेण्याबद्दलही सांभाळा. ब्रिटिश नियमांत मित्रांनी सफरीच्या थेट खर्चात भर घातली तर नौका खाजगीच राहते. त्याहून जास्त घेतलं की ती व्यावसायिक ठरू शकते, आणि मग वेगळ्या नियमावलीची तपासणी लागते. विमाही तिथेच अडतो.

कलम_नऊ

सागरमैल यांनी विम्याचा मुद्दा काढला तो महत्त्वाचा, पण अपुरा. विमा कंपनी स्वतःचा पैसा सांभाळते. विमा न घेता निघणारे पुष्कळ आहेत आणि जुन्या नौका बहुधा त्यांच्याकडेच असतात. समुद्रात माणसाचा जीव वाचवल्याचं बिल सहसा कोणी लावत नाही, आणि लावूही नये. लोक बिलाच्या भीतीने मदत उशिरा मागतील. म्हणूनच निघण्याआधीची तपासणी हा त्यातल्या त्यात न्याय्य उपाय आहे, यावर मी शीडवारांशी सहमत आहे.

गलबत

ईपर्बबद्दल कोणी नीट सांगेल का? मी वापरलेली यॉट दुसऱ्या देशाच्या मालकाकडून घेतो आहे, तिच्यावर ईपर्ब आहे. बॅटरीची तारीख चांगली आहे. तोच चालेल ना?

जुना_बोसन

ईपर्बचं महत्त्व सांगायला अभिलाष टॉमीचं उदाहरण पुरेसं आहे. सप्टेंबर २०१८, गोल्डन ग्लोब शर्यत, पर्थपासून सुमारे १९०० सागरी मैलांवर त्याची 'थुरिया' उलटली, डोलकाठ्या मोडल्या, पाठीला अशी इजा झाली की हलता येईना. तो कुठे आहे हे किनाऱ्यावर कळत होतं, म्हणून फ्रान्सचं 'ओसिरिस' हे मासेमारी गस्तीचं जहाज तिथे पोचू शकलं. नेमकी जागा माहीत नसती तर त्या समुद्रात शोधणार कुठे?

शीडवारा

गलबत, तसाच वापरू नका. आधी हे करा.

ईपर्ब ४०६ मेगाहर्ट्झचा आहे ना बघा. जुने फक्त १२१.५ वाले उपग्रहांनी ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झालं आहे. ४०६ वाल्याच्या संकेतात पंधरा अक्षरांची ओळख असते आणि तिच्यात देशाचा कोड असतो. तुम्ही ध्वज बदलणार, म्हणजे तो कोडही बदलायला हवा. हे काम अधिकृत सर्व्हिस केंद्रातच होतं, आपण घरी करायचं नाही. कोडमध्ये नौकेचा जुना एमएमएसआय, म्हणजे रेडिओवरचा ओळख क्रमांक, घातलेला असेल तर तोही तिथेच बदलून घ्या. जुन्या मालकाला त्याच्या देशातली नोंद रद्द करायला लावा आणि तसं लेखी घ्या. मग नव्या ध्वजाच्या देशात तुमच्या नावाने नोंद करा: नौकेचं वर्णन, रंग, किती माणसं, आणि किनाऱ्यावरचे निदान दोन फोन, जे रात्री तीन वाजताही उचलले जातील आणि ज्यांना तुमची वाट माहीत आहे.

ही नोंद जुनी राहिली तर संकेत गेल्यावर बचाव केंद्र आधी जुन्या मालकाला फोन करणार. तो म्हणणार, नौका विकली. मग ती कोणाला विकली, तो कुठे आहे, हे शोधण्यात वेळ जाणार, आणि संकेत चुकून लागला असावा असाही समज होऊ शकतो.

जीपीएस असलेला ईपर्ब असेल तर उत्तम. तो शंभरेक मीटरच्या आत जागा सांगतो, नसेल तर उपग्रहांना गणिताने काढावी लागते आणि ती काही किलोमीटरने चुकू शकते. बॅटरी चालू झाल्यावर किमान ४८ तास संकेत देते. महिन्यातून एकदा सेल्फ टेस्टचं बटण दाबा, त्याहून जास्त नको, आणि तारीख लॉगबुकात लिहा. तो कुठे ठेवला आहे हे चमूतल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी हाताला धरून दाखवा.